नित्य क्षमापना आणि आत्मविकास

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यान)



कोणत्याही धार्मिक संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा आनंदाचा तसाच आत्मपरीक्षणाचाही प्रसंग असतो. या काळात उभी राहिलेली वास्तू, झालेले चातुर्मास, विद्यार्थ्यांना दिलेले साहाय्य यांची नोंद स्मरणिकेत होईलच, आणि ती व्हावयासही हवी. परंतु एका गोष्टीची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. सभेत तीव्र मतभेद व्हावा, आवाज चढावेत आणि तरीही सभा संपल्यावर त्याच माणसांनी एकत्र बसून चहा घ्यावा, अशी माणसे प्रत्येक पिढीत भेटत गेली, म्हणूनच संस्था पन्नास वर्षे टिकते. देणगीदारांचे औदार्य पावतीपुस्तकात दिसते; या माणसांचे औदार्य कोठेही लिहिलेले नसते. त्या औदार्याचे नाव क्षमा. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

वगळलेले एक नाव

पर्युषण महापर्वाची सांगता होताच यवतमाळपासून वणी-पुसदपर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक जैन घरात क्षमापनेचे सूर उमटतात. श्वेतांबर परंपरेत संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर 'मिच्छामि दुक्कडं' म्हटले जाते. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाचा आरंभच उत्तम क्षमा धर्माने होतो आणि अनंत चतुर्दशीनंतर क्षमावाणीचा दिवस साजरा होतो. पूर्वी यासाठी छापील क्षमापना पत्रिका टपालाने जात असत. घरातील वडीलधारी मंडळी यादी समोर ठेवून पत्ते लिहीत, आणि प्रत्येक पत्ता लिहिताना त्या माणसाचा चेहरा निदान क्षणभर तरी डोळ्यांसमोर येई. आज मोबाईलवरून एका क्षणात पाचशे जणांना संदेश पोहोचतो. सोय झाली, यात शंका नाही. मात्र त्या सोयीमध्ये चेहरा हरवला.

येथे प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावयास हवा. हे पाचशे संदेश कोणाला जातात? ज्यांच्याशी वर्षभरात एकही कटू शब्द झालेला नाही, अशा व्याह्यांना, मित्रांना, पुण्या-मुंबईच्या नातलगांना. आणि ज्या सख्ख्या भावाशी वाटणीवरून बोलणे बंद आहे, ज्या भागीदाराशी हिशेबावरून बिनसले आहे, ज्या शेजाऱ्याशी भिंतीच्या वीतभर जागेवरून वैर आहे, त्याचे नाव त्या यादीत असते काय? बहुधा नसते. पाचशे जणांची क्षमा मागून होते आणि ज्याची मागावयास हवी तो एकच राहून जातो. औषध साऱ्या गावाला वाटावे आणि घरातील रुग्ण उपाशी ठेवावा, तसाच हा प्रकार होय.

क्षमा म्हणजे सामर्थ्य

'क्षमा' हा शब्द संस्कृत 'क्षम्' या धातूपासून आला आहे. सहन करणे आणि समर्थ असणे हे दोन्ही अर्थ त्या एकाच धातूत आहेत. 'सक्षम' आणि 'क्षमता' हे नित्य व्यवहारातील शब्दही त्याच धातूचे. पृथ्वीलाही संस्कृतात 'क्षमा' असे एक नाव आहे, कारण ती नांगराचे घाव सोसते आणि पीक देते. याचा अर्थ असा की ज्याच्या अंगी सोसण्याची शक्ती आहे, तोच क्षमेचा अधिकारी. नाइलाजाने गप्प बसणे याला क्षमा म्हणत नाहीत.

'मिच्छामि दुक्कडं' या प्राकृत वचनाचा भावार्थ 'माझे दुष्कृत मिथ्या होवो, निष्फळ होवो' असा आहे. यात समोरच्याच्या दोषाचा उल्लेखही नाही. 'खमत-खामणा' या शब्दात मात्र दोन क्रिया आहेत : क्षमा करणे आणि क्षमा मागणे. पहिलीपेक्षा दुसरी अवघड. क्षमा करताना माणूस थोडा उंच आसनावर बसलेला असतो. मागताना त्याला खाली उतरावे लागते. क्रोध, मान, माया आणि लोभ हे चार कषाय शास्त्रकारांनी सांगितले. क्षमा न करण्याच्या मुळाशी क्रोध असतो, परंतु क्षमा न मागण्याच्या मुळाशी मान असतो. क्रोध घटका दोन घटकांत ओसरतो. मान वर्षानुवर्षे दाराशी पहारा देत उभा राहतो.

पाच मुदती

व्यापारी समाजाला हा विषय हिशेबाच्या भाषेत लवकर समजेल. दुकानात रोजची रोकड रोज मिळवली जाते. काही हिशेब पंधरवड्याने होतात, काही तिमाहीने, आणि वर्षाअखेरीस ताळेबंद तयार होतो. वर्षभर रोकडवही न मिळवता जो एकदम ताळेबंद काढावयास बसतो, त्याचे काय होते, हे सांगण्याची गरज नाही. चूक सापडत नाही, चिठ्ठ्या हरवलेल्या असतात, आणि शेवटी कोठेतरी आकडा बसवून मेळ घातला जातो.

जैन शास्त्रकारांनी आत्म्याच्या हिशेबाची अशीच व्यवस्था लावून दिली. श्वेतांबर परंपरेत प्रतिक्रमणे पाच : रात्रीच्या दोषांसाठी राई, दिवसाच्या दोषांसाठी देवसी, पंधरवड्याचे पक्खी, चार महिन्यांचे चौमासी आणि वर्षाचे संवत्सरी. या मुदती सोयीसाठी ठरवलेल्या नाहीत. त्यांच्यामागे कर्मशास्त्राचा सूक्ष्म विचार आहे.

कषायाच्या तीव्रतेचे चार प्रकार सांगितले आहेत. संज्वलन क्रोध हा पाण्यावरील रेषेसारखा. ओढता ओढता मिटतो. प्रत्याख्यानावरण क्रोध हा वाळूतील रेषेसारखा; वारा आला की बुजतो. अप्रत्याख्यानावरण क्रोध हा उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगेसारखा. पाऊस आल्यावरच तो सांधतो. आणि अनंतानुबंधी क्रोध हा दगडातील चिरेसारखा. तो सहसा सांधत नाही. कर्मग्रंथांनी पहिल्याची मर्यादा एक पंधरवडा, दुसऱ्याची चार महिने, तिसऱ्याची एक वर्ष आणि चौथ्याची यावज्जीव अशी सांगितली. दिगंबर परंपरेतील गोम्मटसार ग्रंथात तर या मर्यादा अधिक कडक आहेत : संज्वलनाचा संस्कार अंतर्मुहूर्त, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, दुसऱ्याचा एक पक्ष, तिसऱ्याचा सहा महिने आणि चौथ्याचा अनेक भवांपर्यंत.

वऱ्हाडातील काळ्या जमिनीची भेग ज्याने एप्रिल-मे महिन्यात पाहिली आहे, त्याला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मृगाचा पाऊस आला की ती भेग मिटते. दगडातील चिरेवर कितीही पाऊस पडला तरी ती तशीच राहते.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे संवत्सरीचा खरा अर्थ उलगडतो. मनातील रोष पंधरवड्याच्या आत मिटला तर तो पाण्यावरची रेषा ठरतो. पक्खी प्रतिक्रमण त्यासाठी. चार महिन्यांत मिटला तर वाळूवरची रेषा, चौमासी त्यासाठी. वर्षाच्या आत मिटला तर जमिनीची भेग; आणि संवत्सरी ही त्याची शेवटची तारीख. ती तारीख उलटून गेली की तोच रोष दगडातील चिरेच्या जातीचा होतो आणि श्रावकाचे सम्यक्त्वच धोक्यात येते. कल्पसूत्रातील सामाचारीतही हाच आशय आहे : जो उपशांत होतो तोच आराधक, जो उपशांत होत नाही त्याची आराधना होत नाही. तेथे लहानाने मोठ्याची आणि मोठ्यानेही लहानाची क्षमा मागावी, असे दोन्ही बाजूंनी सांगितले आहे.

सारांश, संवत्सरी ही क्षमा मागण्याची अंतिम मुदत आहे. समाजाने मात्र तिला पहिली आणि एकमेव तारीख करून टाकले. कराचा भरणा शेवटच्या दिवशी करणाऱ्याची धावपळ व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. क्षमेच्या बाबतीत ती धावपळ पाचशे संदेशांचे रूप घेते.

सोन्याचा पट्ट

पर्युषणातील प्रवचनांत राजा उदायन आणि चंडप्रद्योत यांची कथा दरवर्षी सांगितली जाते. सिंधु-सौवीर देशाचा राजा उदायन हा भगवान महावीरांचा श्रावक. उज्जयिनीच्या चंडप्रद्योताने त्याच्या राजवाड्यातील दासी आणि पूजेतील जिनप्रतिमा पळवून नेली. उदायनाने स्वारी करून त्याला जिंकले, बंदी केले आणि त्याच्या कपाळावर 'दासीपती' अशी अक्षरे डागली. परतताना पावसाळा लागला. सैन्याने वाटेत तळ दिला. सोबतच्या दहा राजांच्या छावणीवरून त्या स्थानाला दशपूर हे नाव पडले, अशी परंपरा आहे; तेच आजचे मध्य प्रदेशातील मंदसौर.

तेथेच पर्युषण आले. उदायनाचा उपवास होता. स्वयंपाक्याने बंदी राजाला 'आज काय भोजन करावे' असे विचारले. रोज न विचारणारा आज का विचारतो, अन्नात विष तर नसेल, या भीतीने चंडप्रद्योत म्हणाला, 'आज पर्युषण आहे. मीही श्रावक कुळातील, माझाही उपवास.' उदायनाला हे कळले. हा धूर्त आहे, भीतीपोटी बोलतो आहे, हेही त्याला कळले. परंतु त्याच्या मनात विचार आला की, ज्याला साधर्मिक म्हणावे तो बेड्यांत असताना संवत्सरीची क्षमापना शुद्ध कशी होईल? त्याने बेड्या तोडल्या, राज्य परत दिले, आणि कपाळावरील ती अक्षरे झाकावीत म्हणून सोन्याचा पट्ट बांधला.

या कथेतील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. चंडप्रद्योताला पश्चात्ताप झाला की नाही, याची वाट उदायनाने पाहिली नाही. 'आधी त्याने मागावी, मग मी देईन' ही अट घरोघरी ऐकू येते. उदायनाने ती घातली नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तो पट्ट. चंडप्रद्योताने दासी पळवली हा त्याचा अपराध खरा, पण कपाळावरील डाग उदायनाने दिलेला होता. क्षमा करताना उदायनाने स्वतःच्या हातून झालेली जखम झाकली. ज्याला अपमानाचा शब्द बोलून झाला आहे, त्याच्याशी केवळ पुन्हा बोलणे सुरू करून भागत नाही. चारचौघांत अपमान झाला असेल तर सन्मानही चारचौघांत व्हावयास हवा.

मोठ्याने लहानाची क्षमा मागणे

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाची कथा आहे. वाणिज्यग्रामाचा हा सधन गृहस्थ जीवनाच्या अखेरीस अनशन करीत होता आणि त्याला अवधिज्ञान झाले होते. गणधर गौतमस्वामी त्याला भेटावयास गेले. गृहस्थाला इतक्या विस्ताराचे ज्ञान होऊ शकत नाही, म्हणून त्याने या विधानाची आलोचना करावी, असे गौतमस्वामींनी सुचविले. आनंदाने नम्रपणे विचारले की, सत्य बोलण्याबद्दल प्रायश्चित्त असते काय? गौतमस्वामी साशंक होऊन भगवंतांकडे आले. भगवान महावीरांनी सांगितले की आनंदाचे म्हणणे सत्य आहे. प्रायश्चित्त गौतमानेच घ्यावे आणि आनंदाची क्षमा मागावी. चौदा हजार साधूंमध्ये अग्रणी असलेले गौतमस्वामी तत्काळ परतले आणि एका गृहस्थाची त्यांनी क्षमा मागितली.

ज्या परंपरेत गणधराने श्रावकाची क्षमा मागितली, त्या परंपरेत सासऱ्याने सुनेची, मालकाने दिवाणजीची, शेठने हमालाची किंवा अध्यक्षांनी साध्या सभासदाची क्षमा मागितली तर प्रतिष्ठा कमी कशी होईल? वस्तुतः वडिलांना आईची क्षमा मागताना ज्या मुलांनी पाहिले असेल, त्यांना पाठशाळेत क्षमाधर्म वेगळा शिकवावा लागणार नाही.

आधुनिक काळातीलही एक उदाहरण आहे. बेळगाव परिसरातील भोज गावचे, मराठी आणि कन्नड दोन्ही भाषकांचे श्रद्धास्थान असलेले चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज यांनी १८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरी येथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला. उत्तर भारतातील विहारात राजाखेडा येथे शस्त्रे घेतलेल्या जमावाने संघावर हल्ला केला होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पोलिसांनी हल्लेखोरांना पकडले, तेव्हा त्यांना सोडल्याखेरीज आहारास उठणार नाही अशी भूमिका आचार्यश्रींनी घेतली. ज्यांच्या हाती पिंछी-कमंडलूखेरीज काही नव्हते, त्यांच्यासमोर शस्त्रधारी निष्प्रभ ठरले.

क्षमा आणि हक्क

येथे एक शंका रास्त आहे. मुनिधर्म वेगळा, गृहस्थाने प्रत्येक अन्याय सोसावा काय? फसवणूक करणाऱ्यावर दावा लावू नये काय? घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीने 'क्षमा कर' एवढेच ऐकून घ्यावे काय?

तसे मुळीच नाही. क्षमा ही मनातील वैराची निवृत्ती आहे. ती अन्यायाला दिलेली परवानगी नव्हे. श्रावकाच्या स्थूल अहिंसाव्रतात निरपराध जीवांच्या संकल्पी हिंसेचा त्याग आहे. संरक्षणाचे कर्तव्य गृहस्थाला चुकत नाही. येणे असलेली रक्कम कायदेशीर मार्गाने मागावी, चोरीची तक्रार करावी, पीडितेला संरक्षण द्यावे. मात्र हे सर्व करताना समोरच्याचा सर्वनाश व्हावा ही इच्छा मनात धरू नये. हिशेबाची बाब हिशेबाने मिटवावी आणि वैराची बाब क्षमेने. घोटाळा होतो तो दोन्ही खाती एक केल्यामुळे. दहा हजारांच्या येण्यासाठी दहा वर्षांचे वैर पोसले जाते, आणि त्या वैराचे व्याज मुलांना भरावे लागते.

दुसरी शंका अशी की, क्षमा केली असे म्हटले तरी मन पुन्हा पेटते, त्याचे काय? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्थिंग्टन हे क्षमा याच विषयाचे संशोधक. १९९६ च्या आरंभी त्यांच्या वृद्ध आईची घरफोडी करणाऱ्याने हत्या केली आणि आयुष्यभराच्या अभ्यासाची कसोटी त्यांच्याच घरात लागली. त्यांनी क्षमा केली. त्यांच्या विवेचनात क्षमेचे दोन भाग आहेत : एक निर्णयाची क्षमा आणि दुसरी भावनेची. सूड घ्यावयाचा नाही हा निर्णय एका दिवसात घेता येतो; भावना मागाहून, सावकाश बदलते. म्हणूनच तर देवसी प्रतिक्रमण रोजचे आहे. आज मिटवलेली आठवण उद्या पुन्हा वर आली, तर क्षमा खोटी होती असे समजून निराश होऊ नये. काल झाडलेल्या दुकानात आज पुन्हा धूळ असते. केरसुणी पुन्हा हाती घ्यावयाची.

दुकान, घर आणि समाज

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. येथील बाजारपेठ शेतकऱ्याच्या कापसावर चालते आणि उधारीही त्याच भरवशावर होते. मुलीच्या लग्नाचा बस्ता उधारीवर नेणारा शेतकरी कापूस विकून पैसे देतो. पीक बुडाले की तोंड चुकवू लागतो. शेतकरी आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, हे दुःख सर्वांचे आहे. त्या दुःखाची कारणे अनेक आहेत आणि ती मोठी आहेत. परंतु जेथे माणसे आधीच काठावर उभी आहेत, तेथे गादीवरून चारचौघांत उच्चारलेला एक शब्द किती जड होऊ शकतो, याचा विचार प्रत्येक व्यापाऱ्याने करावा. येणे मागावे, पण एकांतात मागावे. मुदत द्यावी आणि दिलेली मुदत पाळू द्यावी. शब्द कठोर गेला असेल तर संवत्सरीची वाट न पाहता पुढच्या बाजाराच्या दिवशीच तो मागे घ्यावा. चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागणाऱ्याच्या यादीत त्याचा ग्राहकही असावयास हवा.

घराच्या बाबतीत अधिक सांगणे नलगे. एकाच दुकानाच्या मधोमध भिंत घालून दोन पाट्या लावलेले भाऊ पुष्कळ गावांत दिसतात. वाटणी होणे यात वावगे काही नाही. कुटुंब वाढले की ती व्हावयाचीच. दुःख याचे की, भिंत विटांची होती ती मनात गेली. दोन्ही घरे एकाच स्थानकात किंवा एकाच मंदिरात येतात, एकाच पंगतीत साधर्मिक वात्सल्याचे जेवण घेतात आणि एकमेकांकडे न पाहता परततात. आई-वडिलांच्या अंत्यसमयी असे भाऊ एकत्र येतात आणि रडतात. ते अश्रू खरेच असतात, परंतु ज्यांनी ते पाहावयास हवे होते त्यांचे डोळे तोवर मिटलेले असतात.

समाजाच्या पातळीवर पाहावयाचे तर यवतमाळ जिल्ह्याच्या दोन शेजाऱ्यांकडे पाहावे. पश्चिमेस वाशीम जिल्ह्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथ भगवंतांचे प्राचीन तीर्थ आहे. दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांची तेथे सारखीच श्रद्धा. १९०५ मध्ये दोन्ही पंथीयांच्या पूजेच्या वेळा ठरविण्यात आल्या. तरीही वाद वाढला, आणि १९२९ मध्ये तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर, सुमारे ४२ वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये ते उघडले. कोणाची बाजू खरी, हा या व्याख्यानाचा विषय नाही. ते न्यायालयांचे काम. परंतु कुलपाच्या त्या साऱ्या वर्षांत दोन्ही पंथांत दरवर्षी पर्युषण झाले आणि दरवर्षी सर्व जीवांची क्षमा मागितली गेली. न्यायालय हक्क ठरवून देऊ शकते, कुलूपही उघडून देऊ शकते. एकमेकांना क्षमा करा, असा हुकूम मात्र कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. तेवढे काम श्रावकांकडेच उरते.

दुसरा शेजारी वर्धा जिल्हा. तेथील पवनार आश्रमात आचार्य विनोबा भावे यांनी जैन धर्माचे सार एका ग्रंथात यावे अशी इच्छा धरली. जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले, आणि १९७४ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने, दिल्लीतील संगीतीत सर्व पंथांच्या मुनी-विद्वानांनी एकत्र बसून ७५६ गाथांचा 'समणसुत्तं' हा ग्रंथ मान्य केला. त्याच महोत्सवाच्या काळात साऱ्या जैन समाजाचा एक ध्वज आणि एक प्रतीक स्वीकारण्यात आले. शतकानुशतकांचे मतभेद असलेली मंडळी एका ग्रंथावर एकत्र येऊ शकली. एका बाजूस शिरपूर, दुसऱ्या बाजूस पवनार. यांपैकी कोणता वारसा चालवावयाचा, हे या जिल्ह्यातील प्रत्येक संघाला आणि प्रत्येक ट्रस्टला आपापल्या सभेत ठरवावे लागेल.

फल : निर्भयता

उत्तराध्ययन सूत्राच्या एकोणतिसाव्या अध्ययनात, क्षमापनेने जीवाला काय प्राप्त होते, असा प्रश्न आहे. उत्तरात एक क्रम सांगितला आहे. क्षमापनेने चित्ताला प्रसन्नता येते. प्रसन्न चित्तात सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्री उत्पन्न होते. मैत्रीने भाव विशुद्ध होतात. आणि भाव विशुद्ध झाल्याने जीव निर्भय होतो.

क्रमाच्या अखेरीस निर्भयता यावी, हे प्रथमदर्शनी आश्चर्यकारक वाटते. परंतु व्यवहारात पाहिले तर ते अगदी खरे आहे. ज्याच्या मनात वैर आहे, तो सतत भिऊन असतो. लग्नाचे निमंत्रण आले की तो आधी विचारतो, 'तेही येणार आहेत काय?' समोरून ती व्यक्ती येताना दिसली की तो शेजारच्या गल्लीत वळतो. सभेत तिने सूचना मांडली की ती चांगली असूनही विरोध करतो. त्याच्या जाण्या-येण्याचे, बोलण्या-बसण्याचे निर्णय तोच घेत नाही. ते दुसराच कोणी घेत असतो. क्षमा केल्याने तो या बंदिवासातून सुटतो. सामायिकात बसल्यावर त्याचे मन माळेच्या मण्यावर राहते. आत्मविकासाची पहिली खूण एवढीच साधी आहे : गावात असा एकही रस्ता उरू नये, की ज्यावरून जाणे टाळावे लागेल.

चार संकल्प

सुवर्णमहोत्सवी वर्षात अनेक संकल्प केले जातात. त्यांत बिनखर्चाचे पुढील चार असावेत.

पहिला, रात्री निजण्यापूर्वी दिवसभराचा मेळ घालावा. आज कोणाला दुखविले, कोणाचा राग मनात राहिला, अशी निदान एक व्यक्ती नावानिशी आठवावी आणि शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी मावळतीपूर्वी तिच्याशी बोलावे.

दुसरा, क्षमा मागताना दोषाचे नाव घ्यावे. 'कळत-नकळत काही चुकले असल्यास' ही शब्दरचना नम्र असली तरी तिच्या आड खरी चूक लपते. 'त्या दिवशी सर्वांसमोर तुम्हांला टाकून बोललो, ते चुकले' असे म्हणण्यास धैर्य लागते. परंतु समोरच्याच्या मनातील काटा त्यानेच निघतो.

तिसरा, कोणी क्षमा मागावयास आला तर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. जुनी वही काढून बसू नये. त्याला यावयास किती पायऱ्या चढाव्या लागल्या, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते.

चौथा, येत्या संवत्सरीला किंवा क्षमावाणीला संदेश पाठविण्यापूर्वी एकच काम करावे. वगळलेले ते एक नाव कागदावर लिहावे आणि इतर कोणाकडेही जाण्याआधी त्याच्या दारी जावे. पाचशे संदेश त्यानंतर पाठवले तरी चालतील, न पाठवले तरीही चालतील.

या ट्रस्टचा शतक महोत्सव साजरा होईल, तेव्हा आज येथे बसलेल्यांपैकी अनेकांची केवळ छायाचित्रे भिंतीवर असतील. त्या छायाचित्रांखालून जाणाऱ्या नातवंडांना वारशात जागा, दुकाने, ठेवी मिळालेल्या असतीलच. त्यांबरोबर एखादे जुने वैरही त्यांच्या नावे लिहून ठेवावयाचे की नाही, एवढे मात्र आजच ठरवता येईल.

सर्वांच्या ठायी उत्तम क्षमाधर्म जागृत होवो, हीच जिनेश्वर भगवंतांच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.